मेमरीची मांडणी बदलताना आम्हालाही सांगा: कर्नेल टीमना खुले पत्र

प्रति,
लिनक्स कर्नेलच्या मेमरी मॅनेजमेंटचे मेंटेनर
आणि निरनिराळ्या डिस्ट्रोंच्या (लिनक्सच्या तयार वितरणांच्या) कर्नेल टीम

विषय: मेमरीच्या मांडणीतले बदल, त्यातून होणारे क्रॅश आणि ते शोधताना होणारे हाल

सप्रेम नमस्कार,

मी सी-प्लस-प्लस प्रोग्रॅमर आहे. मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करते ते दिवसरात्र चालू असतं आणि त्यात एकाच वेळी पुष्कळ थ्रेड, म्हणजे कामाचे स्वतंत्र धागे, पळत असतात. अशा प्रोग्रॅममधली चूक महिनोन्‌महिने दडून राहते आणि नको त्या वेळी वर येते. म्हणून थ्रेड सॅनिटायझर आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझर या दोन तपासण्या झाल्याशिवाय (पहिली थ्रेडच्या आपसातल्या चुका पकडते, दुसरी मेमरीच्या चुकीच्या वापराच्या) आमच्याकडे कुठलाही पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पुढे सरकत नाही. आमचा सगळा भरवसा या दोन साधनांवर आहे, आणि ती ज्या जमिनीवर उभी आहेत ती जमीन, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा असलेलं कर्नेल, तुमच्या हातात आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

निमित्त झालं एका कर्नेल अपडेटचं. आमच्या टेस्ट सर्व्हरवर नेहमीसारखं सुरक्षा अपडेट आलं, रात्री मशीन रीस्टार्ट झाली आणि सकाळपासून टेस्ट पडायला लागल्या. सगळ्या पडत नव्हत्या, आणि दर वेळी त्याच पडत होत्या असंही नाही. पडलेली टेस्ट पुन्हा चालवली की कधी पास, कधी पुन्हा नापास. आमचा कोड तोच, कंपायलर तोच, लायब्ररी त्याच. बदललं होतं ते फक्त कर्नेल. आणि अपडेटसोबत आलेल्या यादीत मेमरीच्या मांडणीबद्दल आमच्यासारख्याला समजेल असं एक वाक्यही नव्हतं.

नेमकं काय दिसत होतं ते सांगते, कारण हे हाल बाहेरून कळत नाहीत. थ्रेड सॅनिटायझर लावलेला प्रोग्रॅम मेन फंक्शनपर्यंतच पोचत नव्हता. ‘अनएक्स्पेक्टेड मेमरी मॅपिंग’ एवढं म्हणायचा, पुढे दोन पत्ते छापायचा आणि बंद पडायचा. अ‍ॅड्रेस सॅनिटायझरची तऱ्हा याहून वाईट. तो ‘डेडली सिग्नल’ ही एकच ओळ छापत राहायचा, लॉग फुगत जायचा आणि शेवटी वेळ संपली म्हणून जॉब मारला जायचा. क्रॅश झाला तर निदान स्टॅक ट्रेस, म्हणजे प्रोग्रॅम कुठून कुठे जाऊन पडला याची यादी, मिळतो. इथे तोही नाही.

मग जीडीबी हा डीबगर, म्हणजे चालता प्रोग्रॅम आतून तपासायचं साधन, लावला. जीडीबीखाली प्रोग्रॅम अगदी सुरळीत चालला. पुन्हा चालवला, पुन्हा सुरळीत. डीबगर बाजूला केला की क्रॅश हजर. थ्रेडच्या जगात वावरलेल्या माणसाचा अशा वेळी पहिला संशय रेस कंडिशनवर, म्हणजे दोन थ्रेड एकाच मेमरीवर एकाच वेळी तुटून पडण्यावर, जातो, कारण रेसची लक्षणं हुबेहूब अशीच असतात. आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलीचा पॅच नेमका आदल्याच दिवशी मर्ज झाला होता. संशयाची सुई तिच्याकडे वळली. तिचा पॅच मागे घेतला गेला आणि ती बिचारी आपल्याच कोडमधली लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारी कुलपं) पुन्हा पुन्हा तपासत बसली. त्या पॅचमध्ये काहीही खोट नव्हती.

जीडीबीखाली क्रॅश का होत नाही याचं उत्तर साधं आहे, पण ते माहीत असावं लागतं. प्रोग्रॅम सुरू करताना जीडीबी पत्त्यांची सरमिसळ, म्हणजे एएसएलआर (हल्लेखोरांना अंदाज येऊ नये म्हणून मेमरीचे पत्ते दर वेळी बदलणं), आपणहून बंद करतो. म्हणजे ज्यामुळे क्रॅश होतोय तेच डीबगर आधी काढून टाकतो. ‘सेट डिसेबल-रँडमायझेशन ऑफ’ असं सांगितल्यावर कुठे तो क्रॅश जीडीबीत पकडता आला. त्यानंतर आम्ही जुनं कर्नेल असलेलं एक मशीन शोधलं, दोन्हीकडे साध्या ‘कॅट’ या फाइल छापणाऱ्या कमांडला तिची स्वतःची मॅप्स फाइल, म्हणजे मेमरीत काय कुठल्या पत्त्यावर आहे त्याची यादी, छापायला लावली, आणि दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. जुन्या कर्नेलवर लायब्ररींचे पत्ते दर खेपेला बदलत होते, पण वरच्या टोकाच्या एका अरुंद पट्ट्यातच. नव्या कर्नेलवर तेच पत्ते कितीतरी खालपर्यंत विखुरले होते.

जाणकारांना इथे सगळं कळलंच असेल. इतरांसाठी थोडं खुलासेवार लिहिते. कर्नेलमध्ये ‘एममॅप_आरएनडी_बिट्स’ नावाचं एक सेटिंग आहे. ४.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, ते बदलता येतं. लायब्ररी आणि इतर मेमरी कुठे उतरवायची हे ठरवताना किती बिटांची सरमिसळ करायची ते या आकड्यावर ठरतं. ६४-बिट इंटेल आणि एएमडी मशीनवर मूळ आकडा २८ आहे आणि तो ३२ पर्यंत नेता येतो. आमच्या अपडेटने तो ३२ वर नेला होता. नुसता आकडा पाहिला तर फरक चारचाच वाटतो. पण ४ किलोबाइटच्या पेजने, म्हणजे कर्नेल मेमरी ज्या तुकड्यांनी वाटतं त्या तुकड्याने, गुणलं की २८ बिटांची सरमिसळ १ टेराबाइटभर पसरते आणि ३२ बिटांची १६ टेराबाइटभर.

थ्रेड सॅनिटायझर प्रोग्रॅमच्या प्रत्येक पत्त्यासाठी शॅडो मेमरी, म्हणजे तपासणीच्या नोंदींची जागा, ठेवतो आणि ती कुठे आहे हे क्षणात कळावं म्हणून साध्या गणिताने काढतो. त्यासाठी प्रोग्रॅमची मेमरी कुठल्या पट्ट्यांमध्ये असेल हे आधीच ठरवून ठेवलेलं असतं. जुन्या आवृत्त्यांमध्ये वरच्या टोकाचा हा पट्टा दीड टेराबाइटचा होता. १ टेराबाइटची सरमिसळ त्यात मावत होती, १६ टेराबाइटची कशी मावणार? अ‍ॅड्रेस सॅनिटायझरची गोष्ट वेगळी, पण त्याच जातीची. त्याचा अ‍ॅलोकेटर (मेमरी वाटून देणारा भाग) एका ठराविक पत्त्यापासून पुढची मोठी जागा धरून बसायचा, आणि सरमिसळ वाढल्यावर प्रोग्रॅमचा स्वतःचा कोड कधी कधी नेमका त्याच जागेत येऊन पडू लागला. म्हणून टेस्ट कधी पास आणि कधी नापास.

सरमिसळ वाढवण्याला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करते. पॅक्स या लिनक्सची सुरक्षा वाढवणाऱ्या प्रकल्पाने २००१ मध्ये ही कल्पना पुढे आणली, २००५ मध्ये २.६.१२ पासून ती मुख्य कर्नेलमध्ये आली, आणि तेव्हापासून हल्लेखोरांचं काम किती अवघड झालंय हे मला ठाऊक आहे. ३२ बिट हा निर्णय म्हणून योग्यच असेल. माझी तक्रार तो ज्या पद्धतीने आमच्यापर्यंत आला त्याबद्दल आहे.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार: असा बदल न सांगता येतो. स्थिर आवृत्तीच्या अपडेटवर आम्ही विश्वास ठेवतो तो याच समजुतीने, की भोकं बुजवली जातील पण घराची रचना बदलणार नाही. मेमरीची मांडणी ही रचना आहे. ती बदलायची तर काय बदललं, जुना आकडा काय, नवा काय आणि परत कसं फिरायचं, हे सुरुवातीलाच ठळक अक्षरात लिहायला हवं. कमिट संदेशात, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलासोबतच्या टिपणात, सगळं लिहिलेलं असतं, असं उत्तर मला मिळालेलं आहे. एका आवृत्तीत हजारो कमिट असतात. त्यातली कुठली आपला प्रोग्रॅम पाडणार आहे हे प्रोग्रॅम पडण्याआधी ओळखायचं कसं?

दुसरी तक्रार त्या सेटिंगबद्दलच. आपल्या मशीनवर हा आकडा किती आहे हे साध्या वापरकर्त्याला वाचताही येत नाही. त्या फाइलची परवानगी ०६०० आहे, म्हणजे वाचायचं असलं तरी रूट (मशीनचा सर्वाधिकारी वापरकर्ता) हवा. आमच्यापैकी बहुतेकांना टेस्ट सर्व्हरवर रूट मिळत नाही आणि मिळूही नये. पण ज्या आकड्यामुळे आपला प्रोग्रॅम मरतोय तो आकडा पाहण्यासाठीसुद्धा सिस्टीम अ‍ॅडमिनपुढे हात पसरावे लागावेत, यात सुरक्षेची कुठली गरज भागते? सरमिसळ किती रुंद आहे हे मॅप्स फाइल थोड्या वेळा छापून कोणालाही ताडता येतं. लपलेलं काहीच नाही, त्रास मात्र आहे.

शिवाय हे सेटिंग सबंध मशीनसाठी एकच. आज पुष्कळ टेस्ट कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनवरच्या बंदिस्त कप्प्यात, चालतात. कंटेनरच्या आतून ते बदलता येत नाही, आणि बाहेरून बदललं तर त्या मशीनवरच्या सगळ्यांची सरमिसळ कमी होते. म्हणजे आमच्या एका तपासणीसाठी दुसऱ्या कोणाची तरी सुरक्षा कमी करायची. ‘सेटआर्च’ ही कमांड वापरून एकाच प्रोग्रॅमपुरती सरमिसळ बंद करता येते हे खरं, पण डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाच्या मूळ सेककॉम्प नियमांत (कुठले सिस्टीम कॉल, म्हणजे कर्नेलकडच्या विनंत्या, चालतील ते ठरवणाऱ्या) पर्सनॅलिटी या सिस्टीम कॉलला त्यासाठी द्यावं लागणारं मूल्य बसत नाही. तिथे ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ एवढंच उत्तर येतं. सॅनिटायझर लिहिणाऱ्यांनी त्यांच्या बाजूने पुष्कळ केलं आहे. पत्ते जुळले नाहीत तर थ्रेड सॅनिटायझरची नवी आवृत्ती सरमिसळ बंद करून स्वतःला पुन्हा सुरू करते, आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझरच्या अ‍ॅलोकेटरने आपली जागा हलवली आहे. पण हा पुन्हा सुरू होण्याचा उपायही कंटेनरमध्ये याच नियमापाशी अडतो. आणि ज्यांना जुन्या कंपायलरवर राहावं लागतं त्यांच्यापर्यंत या दुरुस्त्या पोचतच नाहीत.

तिसरी तक्रार कोअर फाइलबद्दल आहे. ती छोटी वाटेल, पण डीबगिंग करणाऱ्याला विचारा. प्रोग्रॅम पडल्यावर कर्नेल जी कोअर फाइल लिहितं तिच्यात रजिस्टर (प्रोसेसरच्या आतले कप्पे) असतात, थ्रेड असतात, ३.७ पासून कुठली फाइल कुठल्या पत्त्यावर मॅप झाली होती त्याची यादीही असते. पण हा क्रॅश कुठल्या कर्नेलवर झाला आणि त्या वेळी सरमिसळीचा आकडा काय होता, याची थेट नोंद नसते. ग्राहकाकडून कोअर फाइल येते तोवर त्याचं मशीन कधीच अपडेट झालेलं असतं. मग पत्र, फोन, ‘त्या दिवशी कुठलं कर्नेल होतं हो?’ ही विचारणा, आणि उत्तर देणाऱ्यालाही नक्की आठवत नाही. क्रॅशचा पंचनामा करताना घटनास्थळच गायब झालेलं असतं.

हे दुखणं सॅनिटायझर वापरणाऱ्यांपुरतं आहे असं कोणी म्हणेल म्हणून मागच्या दोन-तीन गोष्टींची आठवण करून देते. त्या सगळ्या तुमच्याच नोंदींत आहेत.

जून २०१७ मध्ये ‘स्टॅक क्लॅश’ हा दोष जाहीर झाला. स्टॅक, म्हणजे चालू फंक्शनांची मेमरी, वाढत वाढत शेजारच्या मेमरीवर चढू नये म्हणून मध्ये एका पेजचं अंतर होतं, ते अपुरं ठरलं. तुम्ही ते २५६ पेजांचं केलं, म्हणजे ४ किलोबाइटचं १ मेगाबाइट. दोष गंभीर होता, घाई समजण्यासारखी होती, आणि जाहीर होईपर्यंत गुप्तता पाळणंही भाग होतं. पण जावा आणि रस्ट या भाषांची काही वातावरणं स्टॅकच्या आतच आपलं स्वतःचं राखण पेज बसवत होती, आणि नव्या अंतरामुळे ती कोसळली. नंतर दुरुस्ती आली: जिथे वाचायची-लिहायची परवानगीच नाही अशी मेमरी त्या अंतरात असली तरी चालेल. दुरुस्ती चांगली होती. पण मधल्या काळात ज्यांचे जावा प्रोग्रॅम पडले त्यांनी आधी जावालाच दोष दिला असणार.

२०२३ च्या जूनमध्ये कर्नेल ६.४ आलं. त्यात प्रत्येक मेमरी क्षेत्राला स्वतःचं लॉक मिळालं. आधी प्रोसेसच्या सगळ्या मेमरीसाठी एकच मोठं लॉक होतं आणि पुष्कळ थ्रेडच्या प्रोग्रॅमना ते जाचायचं, तेव्हा हा बदल आमच्याच फायद्याचा होता. पण एक थ्रेड फोर्क, म्हणजे प्रोसेसची नक्कल, करत असताना दुसऱ्या थ्रेडला पेज फॉल्ट आला, म्हणजे हवं ते पेज जागेवर मिळालं नाही, तर मेमरी बिघडू शकत होती. गो भाषेतले प्रोग्रॅम मध्येच पडू लागल्याच्या तक्रारी आल्या. इथे तुम्ही जे केलं ते मी मुद्दाम सांगते: दोष पक्का झाल्यावर ती सोयच बंद ठेवण्याचा पॅच आला, फोर्कच्या वेळी पालक प्रोसेसच्या मेमरी क्षेत्रांवर लॉक घेण्याची दुरुस्ती झाली, आणि ६.४.३ पर्यंत हे मार्गी लागलं. तक्रार करणाऱ्याला कोणी ‘तुझा प्रोग्रॅम तपास’ म्हणून परत पाठवलं नाही. माझं मागणं यापेक्षा फार वेगळं नाही.

गोच्याच बाबतीत आणखी एक जुनं उदाहरण आहे आणि ते माझ्या चौथ्या तक्रारीशी जोडलेलं आहे. ५.२ पासून ५.३.१४ पर्यंत, आणि ५.४ व ५.४.१ मध्ये, जीसीसी ९ या कंपायलरने बांधलेल्या कर्नेलवर सिग्नल, म्हणजे प्रोग्रॅमला मध्येच येणारी सूचना, येताना व्हेक्टर रजिस्टर बिघडू शकत होती. सिग्नलच्या स्टॅकचं पेज त्या क्षणी मेमरीत नसलं तर हे घडायचं. २०२० मध्ये आलेल्या गो १.१४ ने थ्रेड थांबवण्यासाठी सिग्नल वापरायला सुरुवात केली आणि हा दोष उघडा पडला. गोच्या लोकांनी कर्नेलची आवृत्ती पाहून, सदोष वाटली तर सिग्नलच्या स्टॅकचं पेज मेमरीत जखडून ठेवायचा तोडगा काढला. पण डिस्ट्रो काय करतात? दुरुस्ती मागे नेऊन जुन्या आवृत्तीत लावतात आणि आवृत्तीचा आकडा तोच ठेवतात. मग दुरुस्त झालेलं कर्नेलही सदोष दिसतं, तोडगा विनाकारण लागू होतो, आणि मेमरी जखडण्याची मर्यादा ओलांडली म्हणून प्रोग्रॅम पडतो. आवृत्तीचा आकडा पाहून आत काय आहे ते कळत नसेल, तर आम्ही पाहायचं तरी कशाकडे?

‘सॅनिटायझरने ठराविक पत्ते गृहीत धरले ही सॅनिटायझरची चूक,’ हा युक्तिवाद मी ऐकला आहे. तो अर्धा खरा आहे. पण कर्नेलमुळे वापरकर्त्याचा चालता प्रोग्रॅम मोडता कामा नये, हा नियम लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी वर्षानुवर्षं जितक्या ठामपणे सांगितला आहे तितका दुसरा कुठलाच नसेल. त्यात प्रोग्रॅमने काय गृहीत धरायला हवं होतं याला महत्त्व नाही, तो चालत होता आणि आता चालत नाही याला आहे. आणि हे जमतं, हेही तुम्हीच दाखवलंय. ४.१४ मध्ये पाच पातळ्यांची पेज टेबलं, म्हणजे पत्त्यांचे तक्ते, आली आणि पत्ते ५७ बिटांपर्यंत जाऊ शकले. कितीतरी जेआयटी कंपायलर (प्रोग्रॅम चालू असतानाच कोड तयार करणारे) पत्त्याच्या वरच्या रिकाम्या बिटांमध्ये आपली माहिती लपवून ठेवतात, हे तुम्हाला माहीत होतं. म्हणून ४७ बिटांच्या वरचा पत्ता प्रोग्रॅमने एममॅप या मेमरी मागण्याच्या कॉलला तसा इशारा देऊन मागितला तरच मिळेल, असं ठरवलं. ज्याला हवं त्याला मोठी मेमरी मिळाली आणि बाकीच्यांना काही कळलंही नाही. अँड्रॉइड १५ मध्ये १६ किलोबाइटची पेज आली तेव्हाही अ‍ॅप बनवणाऱ्यांना आधी सांगितलं गेलं आणि प्ले स्टोअरसाठी १ नोव्हेंबर २०२५ ही तारीख दिली गेली. तारीख कोणाला आवडो न आवडो, ती माहीत होती.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत.

डिस्ट्रोंच्या कर्नेल टीमना: पत्त्यांची सरमिसळ, स्टॅकचं अंतर, पेजचा आकार, मेमरी कुठल्या सीमेला जुळवून द्यायची, यातलं काहीही बदललं तर त्याची स्वतंत्र नोंद अपडेटच्या माहितीत सर्वांत वर द्या. जुनं आणि नवं मूल्य व परत फिरण्याचा मार्ग त्यात असू द्या. चालू आवृत्तीच्या मधल्या अपडेटमध्ये ही मूल्यं बदलू नका. पुढच्या मोठ्या आवृत्तीत बदला. स्टॅक क्लॅशसारखी निकड असेल तर अपवाद करा, पण अपवाद केला आहे असं त्याच दिवशी लिहा. आणि बदल बाहेर सोडण्यापूर्वी तुमच्याच डिस्ट्रोमधल्या कंपायलरचे सॅनिटायझर, जावा, गो आणि एखादं जेआयटी इंजिन त्या कर्नेलवर चालवून पाहा. ही सगळी पॅकेजं तुमच्याच भांडारात आहेत. एकदा नव्हे, पुष्कळ वेळा चालवा, कारण हे क्रॅश पहिल्या धावेत दिसतीलच असं नाही.

मेमरी मॅनेजमेंटच्या मेंटेनरांना: एममॅप_आरएनडी_बिट्सची फाइल सर्वांना वाचता येईल अशी करा. बदलण्याचा हक्क रूटकडेच राहू द्या. प्रोग्रॅमला फक्त स्वतःपुरती कमी सरमिसळ मागता येईल, पूर्ण बंद करावी लागणार नाही, असा मार्ग द्या, आणि कंटेनर बनवणाऱ्यांशी बोलून तो त्यांच्या मूळ नियमांत बसवून घ्या. सेटयूआयडी प्रोग्रॅम, म्हणजे फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालणारा प्रोग्रॅम, सुरू होताना सरमिसळ बंद करण्याची खूण कर्नेल आजही पुसून टाकतं, तेव्हा त्या बाजूची काळजी आधीच घेतलेली आहे. कोअर फाइलमध्ये एक छोटी नोंद वाढवा: कर्नेलची पूर्ण आवृत्ती, डिस्ट्रोच्या बिल्डच्या खुणेसह, आणि सरमिसळीची त्या वेळची मूल्यं. काही बाइटांचंच काम आहे.

आणि दोघांनाही: मेमरीतल्या बदलामुळे प्रोग्रॅम पडतो अशी तक्रार पुराव्यासह आली तर आधी जुनं मूल्य परत लावा आणि मग चूक कोणाची यावर चर्चा करा. ६.४ च्या वेळी हेच केलं गेलं.

आमच्याकडून काय हवं तेही सांगा. जुन्या आणि नव्या कर्नेलवरच्या मॅप्स फाइल, क्रॅश घडवून आणणारा लहान प्रोग्रॅम, आणि कुठल्या आकड्याला तो किती वेळा पडतो याचा तक्ता माझ्याकडे तयार आहे. नव्या कर्नेलच्या चाचणी आवृत्त्यांवर आमच्या सगळ्या टेस्ट चालवून निकाल कळवायची माझी आणि माझ्या टीमची तयारी आहे. ज्या मुलीचा पॅच मागे घेतला गेला होता तिनेच हा तक्ता केला आहे. तुमच्याकडून पत्ता आणि पद्धत कळली की पहिला निकाल तीच पाठवेल.

आपली,
सी-प्लस-प्लसमध्ये काम करणारी एक प्रोग्रॅमर